दोन हैसियतींचे डुलीचंदजी

मागच्या मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, गोंदियात एका नोटरीच्या टेबलावर डुलीचंद टेंभरे यांनी मुखत्यारपत्रावर सही केली. शारजातले आपले दुकान आपल्या वतीने चालवण्याचा अधिकार ते मुलगा हेमराज याला देत होते. सही बापाची हवी होती. त्यांनी मुलाची केली. नोटरीच्या लक्षात आले नाही. पहिला साक्षीदार मी होतो. माझ्याही लक्षात आले नाही.

हा गोंधळ समजायचा तर डुलीचंदजी जेवतात कसे, ते आधी सांगावे लागेल.

लग्नाच्या पंगतीत ते दोन पत्रावळी मांडून बसतात. एक समोर, एक डावीकडे. समोरची संपवतात, पाणी पितात, मिशा पुसतात, हातभर डावीकडे सरकतात आणि दुसरी सुरू करतात. वाढणारा नवा असला तर विचारतो, "काकाजी, इथं कोन बसून आहे?"

"हेमराज."

"कुठं आहे जी? दिसून नाही राह्यला."

"शारजाले आहे. मी त्याचा मुखत्यार आहो. जिलेबी ठेव."

मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने सही करावी, कामे करावीत, असा अधिकार देणारा कागद. गोंदियात त्याला सगळे 'पावर' म्हणतात. चौदा वर्षांपूर्वी हेमराज स्टोअरकीपर म्हणून शारजाला गेला. जाण्याआधी तिरोड्याजवळच्या आपल्या नावावरच्या शेताची कामे बापाने पाहावीत, म्हणून त्याने वडिलांना पावर दिली. कागद डुलीचंदजींनी स्वतःच लिहिला. चाळीस वर्षे ते तिरोड्याच्या तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि करारनामे लिहीत होते. अशा कागदात साधारणपणे 'सर्व कार्यालयांत हजर राहणे' असे कलम असते. मी ती प्रत पाहिली आहे. त्यांनी 'सर्व ठिकाणी हजर राहणे' असे लिहिले आहे.

त्याप्रमाणे ते राहतात.

गोंदियाला लागूनच्या फुलचूरला डुलीचंदजींच्या आणि माझ्या घराची भिंत एक आहे. मी बावीस वर्षे एका दैनिकाचा वार्ताहर होतो, त्यामुळे ऐकीव गोष्ट लिहायची नाही ही सवय आहे. पुढचे सर्व मी पाहिलेले किंवा दोन जणांकडून खात्री केलेले आहे.

वस्तीत गतिरोधक बसवावा की नाही, यावर बैठक झाली. डुलीचंदजींनी बाजूने उजवा हात वर केला. विरोधाची मोजणी झाली तेव्हा डावा हात वर केला. सचिव म्हणाला, "काकाजी, एका कोन्या तरी बाजूनं बोला ना."

"मले गतिरोधक पायजे. हेमराजले नको. त्याच्या गाडीचं इंजन खालून घासते."

"त्याची गाडी चौदा वर्षापासून उभी आहे जी!"

"उभी आहे, विकली नाही."

इतिवृत्तात दोन्ही मते नोंदवली गेली. गतिरोधक झाला.

हेमराजच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवला. चाळिशीतले बायाबाप्ये जमले होते. त्यांच्यात एकाहत्तर वर्षांचे डुलीचंदजी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. ओळख करून द्यायची पाळी आली तेव्हा उठून म्हणाले, "हेमराज डुलीचंद टेंभरे, दहावी ब. तर्फे मुखत्यार." कोणी हसले नाही, कारण गणिताचे जुने सर समोर होते आणि ते म्हणाले, "टेंभरे, तुझं भूमितीत कधी लक्षच नव्हतं." डुलीचंदजींनी मान खाली घातली. "चूक झाली सर." दुपारी संगीत खुर्चीत त्यांचा दुसरा नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा हेमराजच्या कपाटात ठेवला आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या यात्रेला मुलाने फोनवरून नुसते म्हटले, "यंदा मलेही यायचं होतं." डुलीचंदजी गड चढले, दर्शन घेतले, खाली आले आणि पुन्हा चढले. कौसल्याबाई, त्यांच्या पत्नी, पायथ्याशी बसून होत्या. त्यांचे म्हणणे असे की, पावर पोराची असली तरी गुडघे ह्याचेच आहेत, अन् चोळून मलेच द्या लागते.

राखीला मुलगी उषा बालाघाटहून येते आणि भावाची राखी बापाच्या डाव्या मनगटावर बांधते. बांधून झाल्यावर सवयीने पाया पडायला वाकते, तर ते पाय मागे घेतात. "आता मी तुझा बाप नोहो. पाच मिनिटं थांब."

त्यांचा एक प्रश्न वस्तीत सर्वांना पाठ आहे. काहीही विचारा, ते उलट विचारतात, "कोनत्या हैसियतीनं इचारून राहिले?" तब्येत कशी आहे, असे विचारले तरी. उत्तर हैसियतीप्रमाणे, म्हणजे नात्याप्रमाणे, बदलते. मतदान केंद्रावर मात्र त्यांनी हेमराजच्या वतीने हजर राहण्याचा प्रयोग केलेला नाही. "तिथं कायदा येगळा आहे," ते म्हणतात.

आता शारजाचे दुकान. हेमराजने नोकरी करता करता पाच वर्षांपूर्वी तांदूळ आणि पोह्याचे दुकान काढायचे ठरवले. तेव्हा तो दुसऱ्याच्या नोकरीत होता, म्हणून दुकानाचा परवाना त्याने वडिलांच्या नावावर घेतला. यासाठी डुलीचंदजींचा पासपोर्ट काढण्यात आला. तो रेशन कार्डाच्या पिशवीत असतो. त्यावर एकही शिक्का नाही. जे कधी रायपूरच्या पुढे गेले नाहीत, ते अशा रीतीने परदेशात दुकानाचे मालक झाले. पाटीवर इंग्रजीत आणि अरबीत 'डुलीचंद' लिहिले आहे. पाटीचा फोटो बैठकीच्या खोलीत देवांच्या फोटोशेजारी लावला आहे.

मालक फुलचूरला आणि दुकान शारजाला, म्हणून मालकाने मुलाला पावर दिली. म्हणजे गोंदियात बाप मुलाचा मुखत्यार, आणि शारजात मुलगा बापाचा मुखत्यार. मी एकदा हे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चौकोन आणि बाण काढून समजून घेतले. बाण गोल फिरत राहिला.

हेमराजने त्यांना अनेकदा बोलावले. कौसल्याबाई एकदा जाऊनही आल्या. डुलीचंदजी गेले नाहीत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मीही तिकडं गेलो तं इकडं त्याच्याकडून हजर कोन राहील?"

तिकडच्या पावरला मुदत असते. दोन वर्षांची. एकदा दिली, एकदा नवी केली. मागच्या मार्गशीर्षात तिसऱ्यांदा करायची होती. मसुदा इंग्रजीत हेमराजने पाठवला होता. त्या देशात जे लिहिलेले नाही ते करता येत नाही, म्हणून प्रत्येक काम वेगळे लिहावे लागते: भाडेकरार करणे, परवाना नवा करणे, बँकेत जाणे, गोदामातून माल सोडवणे. डुलीचंदजींना हा मसुदा फार आवडला. "याले मन्तात कागद," ते मला म्हणाले. "आपल्या इकडं नुसतं 'सर्व कामे' लिहून मोकळे होतात."

"तुम्हीच लिहिलं होतं तसं," मी म्हटले.

"थे येगळं काम होतं."

त्या मंगळवारी आम्ही दोघे नोटरीकडे गेलो. गर्दी होती. त्यांनी आधार कार्ड दाखवले, फोटोवर अंगठा दिला, पेन घेतला, टोपण काढले, थोडा वेळ थांबले आणि सही केली. मी खाली माझी सही केली. नोटरीने शिक्का मारला. नंतर त्यांनी मला चहा पाजला. स्वतः दोन कप घेतले.

कागद पुढे गेला. नोटरीनंतर राज्याचा शिक्का, मग दिल्लीचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. यात प्रत्येक जण आधीच्या शिक्क्याची खात्री करतो. सही वाचणे हे कोणाचेच काम नसते. कागद शारजाला पोचला आणि अरबीत भाषांतरासाठी गेला. भाषांतरात सही करणाऱ्याचे नाव लिहावे लागते. त्या कचेरीतला टायपिस्ट बिहारचा होता. त्याला नागरी वाचता येत होती. त्याने वाचले: हेमराज डुलीचंद टेंभरे, तर्फे मुखत्यार.

सही झाल्यावर अडीच-तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मला भिंतीवरून हाक मारून बोलावण्यात आले. डुलीचंदजी खाटेवर बसले होते. फोन पाण्याच्या कळशीला टेकवला होता.

"बाबा, कागदावर सही कोनं केली?"

"मी."

"नाव कोनाचं लिवलं?"

"तुझं."

"पावर देनारा कोन आहे?"

"मी."

"घेनारा?"

"तू."

"मंग मीच मले पावर देल्ली?"

डुलीचंदजींनी विचार केला. "तसं नाही. तू मले देल्ली. त्या पावरनं मी तुले देल्ली."

"पन दुकान तुमचं आहे ना!"

"हाव."

"मंग तुमची सही कुठं आहे?"

मग हेमराज माझ्याकडे वळला. "काका, तुमी तं साक्षीदार होते. तुमी काय पाह्यलं?"

मी सांगितले की त्यांना सही करताना पाहिले. काय सही केली ते पाहिले नाही. साक्षीदाराकडून तेवढेच अपेक्षित असते, हेही सांगितले. ते कोणाला पटलेले दिसले नाही.

कौसल्याबाई आतून तांदूळ निवडत म्हणाल्या, "जेवाले बसला तं दोघं होते. सहीच्या टायमाले एकच झाला, अन् थोही पोट्टा."

हेमराजने पुढची माहिती दिली. परवान्याची मुदत सव्वीस दिवसांनी संपत होती. नवी पावर वेळेत पोचली नाही तर परवाना नवा होणार नाही. आता त्याची जुनी नोकरी नव्हती. त्याचा तिथला व्हिसा याच दुकानावर होता. परवाना गेला तर दुकान बंद करून गावी परतावे लागेल. "उद्याच्या उद्या दुसरी करा बाबा," तो म्हणाला. "या बारी तुमच्या नावानं."

"करतो," डुलीचंदजी म्हणाले.

सोमवारी ते म्हणाले की मुद्रांक चुकीच्या नावावर घेतला गेला, बदलून आणावा लागेल. मंगळवारी चष्मा सापडला नाही. बुधवारी अमावास्या होती. गुरुवारी त्यांनी सांगितले की नोटरी बाहेरगावी गेला आहे. मी नोटरीला फोन केला. तो टेबलावरच होता.

दरम्यान मी त्यांच्याकडून शारजाच्या आधीच्या दोन पावरच्या प्रती मागून घेतल्या. दोन्हींवर स्वच्छ अक्षरात 'डुलीचंद लक्ष्मण टेंभरे' अशी सही होती. त्याच वेळी शेतकी सोसायटीचे, वीजमंडळाचे आणि वाचनालयाचे कागदही पाहिले. गेल्या चौदा वर्षांत त्यांनी इतर ठिकाणी केलेल्या सह्यांपैकी मला सापडलेल्या बहुतेक सगळ्या मुलाच्या नावाच्या, तर्फे मुखत्यार, अशा होत्या. वाचनालयाचे सभासद ते स्वतः आहेत. तिथेही तीच सही होती. म्हणजे सवय होती, असे म्हणायला पुरावा होता. आणि सवय नव्हती, असे म्हणायलाही होता.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. ते हेमराजच्या मोटरसायकलच्या चाकात हवा भरत होते. दर आठवड्याला भरतात.

"डुलीचंदजी," मी म्हटले, "आधीच्या दोन्ही पावरवर सही तुमची आहे. या वेळी चूक झाली की केली?"

त्यांनी पंप थांबवला. "तुमी कोनत्या हैसियतीनं इचारून राहिले? साक्षीदार का पेपरवाले?"

"शेजारी."

"ही तिसरी काढली तुमी," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा दोन-तीनदा हवा भरली. मग पंप बाजूला ठेवला आणि पायरीवर बसले.

"बापाच्या हैसियतीनं इचारलं तं दुकान बंद पडो. चार वर्ष झाले, पोट्टा घरी आला नाही. मोबाईलात दिसते, पन मोबाईलात तं सारेच दिसतात. दुकान बंद झालं का येईन घरी." त्यांनी हाताची वंगण लागलेली बोटे पाहिली. "मुखत्याराच्या हैसियतीनं तसं नाही मनता येत. मुखत्यारानं मालकाचं नुकसान करू नये. कायदा आहे. चाळीस वर्ष थोच लिवला मी लोकायले."

"मग त्या दिवशी सही कोणी केली?"

"थेच तं मले समजून नाही राह्यलं," डुलीचंदजी म्हणाले. "हात माहा होता. एवढं पक्कं."

कौसल्याबाई दारात येऊन उभ्या होत्या. "चार दिवसापासून जेवला नाही हा मानूस धड. कायले एवढं घुमवून राह्यला जी? फोन लाव अन् सांग त्याले, ये बापा घरी मनून. बस्स."

"तसं पावरमध्ये नाही."

"बाप हायेस का नाही तू त्याचा?"

"आहो," ते म्हणाले. "पन थे लिवलेलं नाही कुठं."

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मोटरसायकलकडे पाहिले. आत फोन वाजत होता. हेमराजचा होता. डुलीचंदजी उठले, हात धुतले, फोन घेतला. मी अंगणातच थांबलो, त्यामुळे एकाच बाजूचे ऐकू आले.

"हाव... हाव, उद्या... नोटरी आहे, गेला होता, आला परत... मी बरा आहो. तू जेवला का?... काय जेवला?... भात कायचा होता?... हाव. ठेव."

कौसल्याबाईंनी विचारले, "सांगतलं?"

"सांगतलं ना. उद्या करतो मनून."

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही पुन्हा नोटरीकडे होतो. नोटरीने आधीच बजावले, "काकाजी, इस बार अपना नाम. अपना खुद का. बोलके लिखो."

"डुलीचंद," ते मोठ्याने म्हणाले आणि लिहिले. मग थांबले. टेबलाभोवती सहा-सात माणसे होती. त्यांनाही थांबावे लागले. "लक्ष्मण," ते म्हणाले. ते लिहिले. "टेंभरे." शेवटचा 'रे' लिहिताना पेन अडखळला आणि कागदावर छोटा ठिपका पडला. नोटरीने विचारले की ठिपका पुढे अडचण करेल का. मी म्हटले, नाही.

सही मी दोनदा वाचली. मग साक्षीदार म्हणून माझी केली.

कागद कुरियरने गेला. शिक्के लागले. परवान्याची मुदत संपायला तीन दिवस उरले असताना नवी पावर शारजाला दाखल झाली. परवाना नवा झाला. हेमराजने त्याचा फोटो पाठवला. डुलीचंदजी तो घेऊन भिंतीपाशी आले आणि अरबी ओळींवर बोट फिरवत विचारले, यात मी कोनता. मला सांगता आले नाही. इंग्रजी ओळीतले त्यांचे नाव मी दाखवले. त्यांनी ते मोठे करून पाहिले.

हेमराजच्या गावी येण्याबद्दल विचारता, सुट्टीचे अजून ठरलेले नाही, असे त्याने मला फोनवर सांगितले.

माघात गोरेगावला त्यांच्या नात्यातले लग्न होते. मीही होतो. डुलीचंदजींकडून दर वेळी अक्षता दोनदा टाकण्यात आल्या. पंगतीत डुलीचंदजी माझ्या उजवीकडे बसले. त्यांनी एकच पत्रावळ मांडली, ती डावीकडे, माझ्या बाजूला. समोरची जागा रिकामी ठेवली. वाढणारा ओळखीचा होता. भात घेऊन तो आला आणि थांबला.

"काकाजी, आज एकच?"

"मले भूक नाही," डुलीचंदजी म्हणाले. "ही हेमराजची आहे. वाढ."

त्यांनी ती पत्रावळ पूर्ण संपवली. जिलेबी दुसऱ्यांदा मागून घेतली.